मास्तरांच्या वर्गातला पोस्टमन

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकाही दारात पत्र नुसतं टाकलं नाही. माणूस आत असताना पत्र फटीतून सरकवून पुढे जाणं म्हणजे लग्नाला जाऊन रस्त्यावरूनच अक्षता फेकण्यासारखं आहे, असं ते म्हणत. मामा मूळचे निपाणीकडचे. ऐन विशीत एका नातेवाइकाचा हात धरून बंगळूरला आले, आणि कनकपुरा रस्त्याला, जिथं शहर संपलं म्हणेपर्यंत पुन्हा इमारतींचा पुंजका लागतो, त्याच्याही आतल्या चार खेड्यांचे पोस्टमन झाले. चाळीस वर्षं तिथंच. सायकलची मोपेड झाली, मोपेडची स्कूटर झाली, पण फेरीला लागणारा वेळ मिनिटानं कमी झाला नाही, कारण तो मुळात रस्त्यात जातच नव्हता. तो जात होता लोकांच्या ओसरीवर. पत्र द्यायचं, वाचून दाखवायचं, त्याला काय उत्तर द्यावं यावर मत द्यायचं, ताक प्यायचं, आणि उत्तर न देणंच बरं असं ठरलं तर त्या घरच्यांची समजूत काढायला आणखी एक पेला ताक प्यायचं. कुणाच्या गाईला कोणती पेंड सोसत नाही आणि कोणत्या घरातल्या दोन भावांची पत्रं एकत्र बांधून दिलेली चालत नाहीत, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांचं कन्नड ऐकून तिकडची माणसं विचारत, तुम्ही मराठी का, आणि त्यांचं मराठी ऐकून आमचे पुण्याचे पाहुणे विचारत, तुम्ही कानडी का. दोघांनाही ते एकच उत्तर देत, "स्वल्प."

बंगळूरमधल्या आमच्या एचएसआर लेआउटच्या घरी ते आले की घंटी वाजत नसे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, तरी खालूनच 'पोस्ट' अशी हाक येई आणि सगळ्या बाल्कन्यांतून माणसं डोकावत. एकदा फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं. पाहुण्याला आत सोडायचं तर घरमालकाच्या मोबाईलवर आलेला आकडा सांगावा लागतो, असा आमच्याकडचा नियम. पोस्टमनला आकडा विचारतात हे मामांनी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी आकडा दिला नाही, भांडणही काढलं नाही. त्यांनी त्याला त्याचं गाव विचारलं. ते ओडिशात निघालं. घरी शेवटचं पत्र कधी धाडलंस, हा पुढचा प्रश्न. पाऊण तासानं मी शोधत खाली गेलो तेव्हा मामा कठड्यावर बसून त्याच्या आईला हिंदीत पत्र लिहीत होते, तो मजकूर सांगत होता, डोळे पुसत होता, आणि फाटक सताड उघडं होतं.

अशा माणसाला सरकारी प्रशिक्षणाला पाठवू नये. पण आठ-नऊ वर्षांपूर्वी त्या भागातल्या सगळ्या पोस्टमनांना अर्ध्या दिवसासाठी एका सभागृहात बोलावलं गेलं. एक तरुण डॉक्टरीण आली होती. तिनं सांगितलं, म्हातारपणी काही माणसांना विसरण्याचा आजार होतो, डिमेन्शिया म्हणतात त्याला. खेड्यात लोक त्याला वय झालं म्हणून सोडून देतात, दवाखान्यापर्यंत कुणी आणतच नाही. पण तुम्ही पोस्टमन लोक प्रत्येक दारात जाता, तेव्हा कोण बदलत चाललंय हे सगळ्यांआधी तुम्हाला दिसेल. दिसलं तर गावातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्यसेविकेला, कळवा. दवाखान्यात आम्ही अशा माणसाला घड्याळाचं चित्र काढायला लावतो, जनावरांची नावं आणि आजचा वार विचारतो, पण ते काम आमचं. अशा माणसाशी बोलताना समोर उभं राहा, आपण कोण ते सांगा, सावकाश बोला, वाद घालू नका. आणि त्यांची परीक्षा घेऊ नका. बाकीचे पोस्टमन बिसीबेळे भात खाऊन घरी गेले. मामांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, फक्त शेवटचं वाक्य सोडून, कारण तोवर वहीचं पान संपलं होतं.

पुढचे काही महिने आमच्या नात्यागोत्यात त्यांनी जो हाहाकार माजवला त्याला तोड नाही. आमच्याकडे सत्यनारायण होता. माझे साहेब, संशोधन खात्यातले मोठे अधिकारी, तीर्थ घेऊन टेकतात न टेकतात तोच मामांनी त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. साहेबांनी कौतुकानं काढलं. आता त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, असं मामा म्हणाले, तेवढ्यात कुणीतरी साहेबांना शिऱ्याची वाटी दिली आणि त्या गडबडीत दोन्ही काटे भलतीकडे गेले. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका सर, लवकर लक्षात आलं हे बरं झालं," असं ते इतक्या मायेनं म्हणाले की साहेब पुढं आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला एका मिनिटात जनावरांची नावं सांगायची होती. गाय, म्हैस, गाढव इथपर्यंत मी आलो आणि नेमकी साहेबांशी नजरानजर झाली, तो मी गाढवावरच अडकलो. आज वार कोणता, असं बायकोला विचारलं तेव्हा तिनं, पाण्याचा टँकर आलाय म्हणजे मंगळवार, असं बिनचूक उत्तर दिलं. तिला मामांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

पण त्यांच्या चार गावांत एक घर असं होतं की तिथं ही गंमत राहिली नाही. गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर तिथं मुलाजवळ राहत. मुलगा दिवसभर टेम्पो चालवायचा आणि घरात मास्तर आणि सून मंजुळा अशी दोघंच असायची. मास्तरांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. त्यांची सही घ्यायला मिळावी म्हणून मामा त्यांच्याकडचं रजिस्टर पत्र सगळ्यात शेवटी नेत, दिवस गोड होतो म्हणून. एके दिवशी मास्तरांनी सहीच्या रकान्यात, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, 'गैरहजर' असं लिहिलं. हा शब्द कन्नडमध्येही जवळपास तोच आहे. मामांनी आधी तो विनोद समजून हसून घेतलं. मग मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हसू आवरून मंजुळेला बाजूला बोलावून विचारलं. ती रडायलाच लागली. मास्तर रोज पहाटे उठून शाळेत निघायचे, नको म्हटलं की अंगावर धावून यायचे, दुपारी आपल्याच घरात आपलं घर कुठं असं विचारायचे. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं ते कुणाला आणि काय म्हणून, हेच तिला कळत नव्हतं.

मामांनी आशाताईंना कळवलं, आणि त्यांनी मास्तरांना डॉक्टरिणीपर्यंत पोचवलं, गोळ्या सुरू झाल्या. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं. पण राहवेना म्हणून दुसऱ्या दिवशी मामांनी मास्तरांना विचारलंच, "सर, आज वार कोणता?" मास्तरांनी चष्मा नाकावर खाली घेतला. या वर्गात प्रश्न मी विचारतो, असं त्यांनी सुनावलं, आणि एक तर उशिरा आलास, वर तोंड करून बोलतोस, म्हणून अठ्ठावन्न वर्षांच्या मामांना ओसरीच्या कट्ट्यावर उभं केलं. सतराचा पाढा म्हण म्हणाले. मामांना सतराचा पाढा येत नव्हता. मराठीतही येत नव्हता, कन्नडमध्ये तर प्रश्नच नाही. तो ते संध्याकाळी घरी पाठ करत बसले. मामी आम्हाला फोन करून सांगत, हे न्हाणीघरात पाढे म्हणतात, गिझर बंद करायचं विसरतात आणि मला म्हणतात, तुझी परीक्षा घेऊ या.

तेव्हापासून रोज मास्तरांचा वर्ग भरू लागला. मामा स्कूटर लावत, टोपी काढत, दाराशी उभे राहून, सर, आत येऊ का, असं विचारत. मास्तर उशिराबद्दल चार शब्द बोलत, मग कट्ट्यावर उभं करत. गावातली माणसं येता-जाता बघत, पिशवीतली पत्रं खोळंबत, पण मामा हलत नसत. मी एकदा त्यांना म्हणालो की मामा, चाकरीतला वेळ तुम्ही असा पाढे म्हणण्यात घालवता, वरच्या साहेबांना कळलं तर? ते म्हणाले, "जावई, ती पोरगी दिवसातनं एकदाच निवांत जेवती. मी कट्ट्यावर असतो तेवढा वेळ." 

मग एका सकाळी मला कामाच्या वेळी मामांचा फोन आला. मास्तर पहाटेपासून नव्हते. मंजुळेला जाग आली तेव्हा दार उघडं होतं. माणसांनी तळ्याच्या काठानं पाहिलं, शेतं पाहिली, गावची शाळा दोनदा उघडून पाहिली, पोलिसांत कळवलं. मामा नेहमीसारखे पत्रं घेऊन पोचले तेव्हा दारात गर्दी होती आणि मंजुळा भिंतीला टेकून बसली होती. मामांनी तिला एकच विचारलं, मास्तरांनी काय घातलंय? ती म्हणाली, काळा कोट. मामा म्हणाले, तो कोट तर त्यांचा तरुणपणचा, आता त्याची बटणंसुद्धा लागत नाहीत, म्हणजे मास्तर शाळेतच गेलेत, पण या शाळेत नव्हे. दर वर्षी उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, सुमारास मास्तरांना कुणा जुन्या सोबत्याचं कार्ड येत असे. ती कार्डं बंद होऊनही दहा-बारा वर्षं झाली होती. त्यातला मजकूर मामांना आठवत नव्हता, पण पाठवणाऱ्याचा पत्ता पाठ होता. बंगळूरचं शिवाजीनगर, बसस्टँडमागं, अमुक गल्ली, शाळेसमोर. मास्तर या गावात बदलून येण्याआधी त्याच शाळेत होते, असं त्यांनीच कधीतरी सही करता करता सांगितलं होतं.

मी गाडी घेऊन बनशंकरीला, कनकपुरा रस्ता शहरात शिरतो तिथं, गेलो; मामा तिथवर स्कूटरनं आले होते. मामा रस्त्याच्या कडेला उभे होते, खाकी कपड्यांत, आणि खांद्याला पत्रांची भरलेली पिशवी. उरलेली पत्रं उद्या वाटतो असं ऑफिसला कळवून ते निघाले होते. वाटायची पत्रं घेऊन मामा आपल्या गावांबाहेर आलेत, असं चाळीस वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. वाटेत ते एरवी प्रत्येक चौकात त्या भागातल्या पोस्टाचा इतिहास सांगत. त्या दिवशी ते दोन्ही हातांनी पिशवी धरून पुढं वाकून बसले होते, आणि सिग्नल लागला की, ठीक ठीक म्हणावं तसं कन्नडमध्ये पुटपुटत, सरी, सरी, सुटेल आता. एकदाच ते म्हणाले, "मला आधीच सुचायला पाहिजे होतं. मी रोज त्यांच्यासमोर उभा असतो की."

शिवाजीनगरात त्या गल्लीत शाळा नव्हतीच. तिच्या जागी मोटारी दुरुस्तीच्या गॅरेजांची ओळ होती. पहिल्या गॅरेजसमोर आम्ही उतरलो आणि मी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. काळा कोट घातलेले मास्तर एका आडव्या टायरवर पाठ ताठ ठेवून बसले होते, आणि त्यांच्यासमोर चार मेकॅनिक, तेलाने काळे झालेले, दाढीवाले, चांगले बापे, हाताची घडी घालून रांगेत उभे होते. मागं एक गाडी जॅकवर तशीच अधांतरी होती आणि तिचा मालक कडेला हात बांधून उभा होता. गॅरेजवाल्यानं मामांचा खाकी पोशाख पाहून हळूच सांगितलं, "सुबह से हाजरी ले रैं, साब. हम जाते बोले तो रो रैं. इसलिए खड़े हो गए हम लोगां." त्यानं मास्तरांना चहा दिला होता, बन दिला होता, कोटाचे खिसेही तपासले होते. खिशात खडूचा एक तुकडा सापडला होता. पत्ता नव्हता.

मामांना पाहताच मास्तर कडाडले, उशीर. मामांनी टोपी काढली. माफी मागून ते त्या रांगेत पाचवे उभे राहिले, हाताची घडी घालून.  मास्तरांची नजर माझ्याकडे वळली तेव्हा मीही सहावा उभा राहिलो. मास्तरांनी पुन्हा सगळ्यांची हजेरी घेतली. कुणा पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांची नावं होती ती. मेकॅनिक आळीपाळीनं हजर म्हणत होते, आणि एका नावाला कुणीच बोललं नाही तेव्हा गाडीचा मालक कडेहून म्हणाला, हजर.

मग मामांनी गॅरेजवाल्याच्या कानात काही सांगितलं. दारात एक जुनी चाकाची रिम तारेला टांगलेली होती. गॅरेजवाल्यानं पाना घेतला आणि तिच्यावर ठण ठण ठण अशी लांबलचक घंटा वाजवली, शाळा सुटताना वाजते तशी. मास्तरांनी मान वर करून ती शेवटपर्यंत ऐकली. हातातली नसलेली वही मिटली. उठले, कोट झटकला आणि म्हणाले, उद्या वेळेवर या सगळे.

गाडीत बसल्यावर मात्र त्यांचा हेडमास्तर कुठंतरी गेला. ते खिडकीतून गर्दी पाहत होते. हे कोणतं गाव, हे लोक कोण, असं ते विचारू लागले. मी सांगायला तोंड उघडलं, पण मामांनी मला हातानं थांबवलं. ते वळून त्यांच्या समोर चेहरा आणून सावकाश म्हणाले, "मी पोस्टमन. आज मंगळवार. आपण घरी चाललोय. मंजुळेनं जेवायला केलंय." मास्तरांनी त्यांची खाकी बाही धरली. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न आला, मामांनी पुन्हा तेच, तेवढ्याच सावकाश सांगितलं. बनशंकरीपर्यंत अकरा वेळा. मी मोजलं, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. तिथं स्कूटर तशीच सोडून आम्ही थेट गावात गेलो. गाडी दारात थांबली तेव्हा मंजुळा धावत आली, आणि मास्तर तिला म्हणाले, पोस्टमन आलाय, त्याला ताक दे.

त्या दिवसानंतर मामांनी आपल्या चारही गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या कपड्यांना पत्ते लावायची मोहीम काढली. पांढऱ्या फितीवर ते स्वतः पत्ता लिहीत आणि घरच्या बायकांकडून कॉलरच्या आत शिवून घेत. पिनकोडशिवाय एकही फीत जात नसे. डोकं ठणठणीत असलेल्या एका पाटलानं, मला कशाला हे, म्हणून कुरकुर केली, तेव्हा मामा त्याला म्हणाले, तुम्हाला नाही, लोकांना कळायला. आमच्याकडे आले ते एक फीत माझ्यासाठीही घेऊन आले. माझं वय पंचावन्न, पण गाढवाची गोष्ट ते विसरले नव्हते. बायकोनं ती माझ्या स्वेटरला शिवली. पुढच्या हिवाळ्यात ऑफिसात स्वेटर काढून खुर्चीवर टाकला तेव्हा ती साहेबांनी वाचली.

मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली. तिला त्यांनी महिनाभर सोबत घेऊन दारं दाखवली, कुठं थांबायचं आणि कुठं ताक नाकारायचं नाही ते सांगितलं. मास्तर तोवर बहुतेक वेळ पडूनच असत. वर्ग भरणं बंद झालं होतं. शेवटच्या दिवशी मामा त्यांच्या खाटेशी उभे राहून आले आणि घरी येऊन त्यांनी खाकी कपडे धुवून, घडी करून कपाटात ठेवले.

दोन महिन्यांनी एका रविवारी त्यांनी मला विचारलं, येता का गावाकडे, बसनं जाऊ. मामी म्हणाल्या होत्या, पांढरा सदरा घाला, तोच घालून ते निघाले. मंजुळेनं ओसरीवर चटई टाकली. मास्तर आत खाटेवर होते, पण बोलणं ऐकून उठून बसले. त्यांनी मामांकडे बराच वेळ पाहिलं. ओळख कुठंच नव्हती. मग ते एकदम सावरले, हातानं कोट चाचपला, आणि सुनेला म्हणाले, खुर्ची आण, पालक आलेत. मामा खुर्चीच्या काठावर बसले. मी दाराशी उभा होतो. मास्तर थांबत थांबत बोलत होते, शब्द मध्येच हरवत होते, पण जे सांगायचं ते त्यांना माहीत होतं. तुमचा मुलगा, ते म्हणाले, उशिरा येतो. फार उशिरा येतो. मी त्याला रागावतो. पण तो रोज येतो. ऊन असो, पाऊस असो. चांगला मुलगा आहे. त्याची शाळा सोडवू नका.

मामांनी हात जोडले. "सरी, सर," एवढंच ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. मामांनी सातवीतच शाळा सोडली होती, वडिलांनी, त्यांच्या अप्पांनी, त्यांना तंबाखूच्या वखारीत लावलं होतं, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही अशा थाटात की जणू एखाद्या भलत्याच माणसाचं सांगताहेत.  नव्या इमारती सुरू झाल्या तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या अप्पांना शाळेत कुणी कधी बोलावलंच नाही, जावई. बोलावलं असतं तर कदाचित ते गेले असते."